घरातला नवा दफ्तरदार
(शालेय शिक्षकांसाठी संकलित केलेल्या पाठसंग्रहाची प्रस्तावना)

खरिपाची पिके हातभर वाढली म्हणजे आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांत एक सरकारी काम उभे राहते, आणि ते पार पाडण्याचा मान बहुधा घरातील सर्वांत लहान साक्षर व्यक्तीकडे जातो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीनुसार आपल्या शेतातील पिकाची नोंद खातेदाराने स्वतः मोबाइलवरून करावयाची असते. त्यासाठी शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावे लागते, त्याबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात, आणि मुदत टळून गेली तर सातबाऱ्यावरील पिकाचा रकाना कोरा राहून पुढे नुकसानभरपाईच्या वेळी खातेदाराला हात चोळीत बसण्याची पाळी येते. कागदोपत्री हे कर्तव्य खातेदाराचे. परंतु निरगुडसर, पारगाव, अवसरी यांच्या वाड्यावस्त्यांवर फिरून पाहणाऱ्यास आढळेल ते असे, की गट आजोबांच्या नावचा, मोबाइल वडिलांच्या नावचा, आधारला जोडलेला क्रमांक आईचा, आणि हे सर्व जुळवून आणणारे बोट मात्र आठवी-नववीत शिकणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे आहे. पीएम-किसानची ई-केवायसी तेच मूल करते, शेतकरी ओळख क्रमांकासाठी आलेला ओटीपी तेच वाचून दाखविते, साखर कारखान्याकडून उसाचे बिल खात्यावर जमा झाल्याचा संदेश प्रथम तेच पाहते, आणि ‘वीज आज रात्री तोडण्यात येईल’ अशा धमकीचा बनावट संदेश आला तर तोही त्याच्याच दृष्टीस प्रथम पडतो.

गावाचे दफ्तर एका हाती असणे ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाही. वसुलाचा हिशेब, जमिनीची नोंद आणि सरकारशी होणारा पत्रव्यवहार सांभाळणारा कुलकर्णी शतकानुशतके गावगाड्यात होता. त्याने काय लिहिले हे ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांनाच वाचता येत नसे, आणि या विषम स्थितीतून जी पिळवणूक होई तिच्याविषयी जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जो दाहक रोष प्रकट केला आहे, तो वाचताना आजही वाचक अस्वस्थ होतो. पुढे १९५० च्या मुंबई परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणाऱ्या कायद्याने ते वतन संपले, तलाठी आला, आणि अलीकडे त्या तलाठ्यासही ग्राम महसूल अधिकारी म्हणावे असे शासनाने ठरविले. पदनामे बदलली, दफ्तर मात्र कोणाच्या तरी हाती राहावयाचेच होते. ते आता तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती येऊन पडले आहे, आणि त्याच्यापाशी ना वतन, ना सनद, ना साधे मुखत्यारपत्र. जुन्या दफ्तरदाराकडे सत्ता होती आणि जाब विचारणारा कोणी नव्हता. या नव्या दफ्तरदाराला घरातील प्रत्येक जण जाब विचारतो आणि त्याच्या कामास काम असे कोणी म्हणतही नाही. खात्यातून रक्कम गेली की खापर त्याच्यावर; खाते सुरक्षित राहिले तर त्याचे श्रेय कोणाचेच नाही.

प्रस्तुत संग्रहातील पाठ ज्या एका विचारावर उभे आहेत तो हा. शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि स्वातंत्र्यदिनाच्या भाषणांत मुलांना ‘उद्याचे नागरिक’ म्हणण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो निदान या एका क्षेत्रात वस्तुस्थितीस धरून नाही. मूल आजच अधिकारावर आहे. दुसऱ्याचे दस्तऐवज, दुसऱ्याची गुपिते, दुसऱ्याचा पैसा यांची अमानत त्याने आजच स्वीकारलेली आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो इतकाच, की या अधिकाराची कर्तव्ये त्यास कोणी शिकवावयाची आणि कशी.

ज्या विषयास आज ‘डिजिटल नागरिकत्व’ म्हणतात त्याचा इतिहास फार जुना नाही. परंतु त्यात इतक्या निरनिराळ्या प्रवाहांचे पाणी मिसळले आहे, की नवख्या शिक्षकास तो एकाच वेळी नीतिपाठ, संगणक-प्रशिक्षण, पोलिसांचे सूचनापत्रक आणि राज्यशास्त्राचा धडा असा भासावा. अमेरिकेतील माइक रिबल आणि जेराल्ड बेली यांनी २००७ साली शाळांसाठी लिहिलेल्या पुस्तकात या विषयाची नऊ अंगे सांगितली. साधनांची उपलब्धता, व्यवहार, संभाषण, साक्षरता, शिष्टाचार, कायदा, हक्क आणि जबाबदाऱ्या, आरोग्य, सुरक्षितता असा तो पसारा आहे. ती मांडणी सुटसुटीत असल्याने जगभर रूढ झाली. तिचा दोष तिच्या सुटसुटीतपणातच आहे. ज्या घरात एकच मोबाइल पाच माणसांत फिरतो, त्या घराची कल्पना तिच्या मुळाशी नाही. एक व्यक्ती, एक यंत्र, एक खाते हे तिचे गृहीत आहे, आणि आपल्याकडे ते गृहीत उंबऱ्यातच अडखळते.

आपल्या देशात शाळेत संगणक आला तो कौशल्याचा विषय म्हणून. १९८४ साली केंद्र शासनाने ‘क्लास’ या नावाने जो प्रकल्प हाती घेतला, त्यात निवडक शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना होऊन एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचला, आणि सरकारी नोकरीच्या अटींमध्ये त्याचा अंतर्भाव झाल्याने मंचर, घोडेगाव, नारायणगाव यांसारख्या बाजारपेठांच्या गावी संगणक केंद्रांच्या पाट्या दिसू लागल्या. त्या काळाची श्रद्धा अशी, की यंत्र चालविता आले म्हणजे माणूस नव्या युगात दाखल झाला. ही श्रद्धा भाबडी होती असे आज म्हणणे सोपे आहे. तथापि तिने हजारो तरुणांच्या मनातील यंत्राचे भय घालविले, आणि भय गेल्यावाचून विवेकाचा प्रश्नच उपस्थित होत नाही, हे विसरता कामा नये.

दुसरा टप्पा साधनांच्या विपुलतेचा. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासननिर्णय झाला आणि पाठोपाठ लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभारण्याची एक लाटच राज्यात उसळली. शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याचे नाव त्यात आघाडीवर होते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, ती कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही आली, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. या सर्व उद्योगात शिक्षकांनी दाखविलेली कल्पकता अस्सल होती. परंतु भिंतीवरील पडद्यावर काय दिसावे हे शिक्षक ठरवितो, आणि खिशातील पडद्यावर काय दिसावे हे कोण ठरवितो, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही. कारण तो खिशातील पडदा २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त होईपर्यंत मुलांच्या हाती आलेलाच नव्हता. नंतर २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली, आणि जो मोबाइल पालक मुलांपासून लपवून ठेवीत होते तोच त्यांना उसनवारी करून मुलांसाठी विकत घ्यावा लागला. वस्तू घरात आली, ती वापरण्याचा संकेत मात्र तिच्याबरोबर आला नाही.

परिणाम काय झाला याचा काहीसा अंदाज ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीवरून येतो. चौदा ते सोळा वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांतील ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासारख्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. हे आकडे वाचून नाक मुरडणाऱ्या प्रौढांनी आपल्या स्वतःच्या आठवड्याची अशीच विभागणी करून पाहावी. मला त्या पाहणीतील दुसरी गोष्ट अधिक बोचते: ज्यांना फोन वापरता येतो अशा मुलांत स्वतःचा फोन असणाऱ्या मुलींचे प्रमाण मुलांहून बरेच कमी आहे. घरची कामे करण्यासाठी मुलीच्या हाती मोबाइल दिला जातो आणि काम संपताच काढून घेतला जातो. तिच्या दफ्तरदारीत जबाबदारी पुरती आहे, मालकी मात्र नाही.

या विषयावर लिहिणारे आणि काम करणारे लोक ढोबळपणे काही पंथांत विभागले गेले आहेत. पहिला पंथ प्रतिबंधकांचा. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बांशी या गावच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली. एका ग्रामपंचायतीने आणि एका खंडप्राय राष्ट्राने एकाच निष्कर्षावर यावे ही घटना उपेक्षणीय नाही. बंदीची मागणी केवळ अडाणीपणातून येत नाही. तरीही ज्या मुलाने मोबाइल हाती धरला नाही तर घरची पीकनोंद राहून जाते, त्या मुलास बंदी लागू करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, याचे उत्तर या पंथापाशी नाही. त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ सालीच जो मार्ग काढला तो मला शहाणपणाचा वाटतो. तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातील दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवले जातात. त्यातील मर्म असे, की हा नियम केवळ मुलांना नसून बापालाही आहे. ज्या घरात वडील जेवतानासुद्धा रील पाहतात, तेथे मुलास संयमाचा उपदेश करणे हा शुद्ध वेळेचा अपव्यय होय.

दुसरा पंथ वार्तेच्या परीक्षेचा. युनेस्कोच्या पुढाकाराने १९८२ साली झालेल्या ग्रुनवाल्ड घोषणेपासून माध्यमशिक्षणाची जी परंपरा सुरू झाली, तिचे हे आजचे रूप होय. आपल्या देशात केरळने शालेय शिक्षणात खोट्या बातम्या ओळखण्याचे पाठ आणून त्यात पुढाकार घेतला आहे. महाराष्ट्रास या शिक्षणाची निकड कळण्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरील अफवेमुळे बिथरलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या पाच निरपराध माणसांना ठार मारले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर मर्यादा घातली. परंतु यंत्राने घातलेली मर्यादा म्हणजे विवेक नव्हे. पाचांनी पुढे पाचांना पाठविले तर गाव व्यापण्यास किती वेळ लागतो, हे सातवीतील मूलही गणिताने काढून दाखवील, आणि या संग्रहात तसे गणित घातलेलेही आहे.

तिसरा पंथ हक्कांची भाषा बोलतो. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघर येथील दोन तरुणींना, एकीने फेसबुकवर मुंबईतील बंदविषयी मजकूर लिहिला आणि दुसरीने तो पसंत केला एवढ्यावरून, अटक झाली. त्या प्रकरणाने जे वादळ उठले त्याची परिणती २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द ठरविण्यात झाली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्याच न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने पंचविसाव्या सर्वसाधारण टिप्पणीद्वारे मुलांचे हक्क डिजिटल क्षेत्रातही तितकेच लागू आहेत असे स्पष्ट केले, आणि २०२३ च्या आपल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरविली. कायद्याची ही सारी भाषा मला मान्य आहे. मात्र ज्या मुलाने वडिलांच्या नावचा ओटीपी स्वतःच टाकावयाचा, त्याच मुलासाठी लागणारी संमती त्याच वडिलांच्या मोबाइलवरून घेतली जाते तेव्हा ती संमती नक्की कोणी दिली, याचा विचार दिल्लीत बसून करणे कठीण आहे.

हे तिन्ही पंथ एकमेकांशी भांडत असले तरी त्यांचा एक समान दोष असा, की ते मुलास एकतर बळी समजतात किंवा ग्राहक. काम करणारे मूल त्यांच्या नजरेत येत नाही. ते ज्यांच्या नजरेत आले अशी एक परंपरा आमच्या शेजारीच आहे, आणि या संग्रहावर तिचे ऋण फार आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला आणि हाताने काम करता करता, गावास खरोखर लागणारी सेवा पुरविता पुरविता विद्यार्थ्याने तंत्र शिकावे, हा विचार तेथे रुजविला. मूलभूत तंत्रज्ञानाचा तो अभ्यासक्रम पुढे अनेक माध्यमिक शाळांत गेला. तारजोडणी करणारा विद्यार्थी चूक झाली तर धक्का बसेल हे जाणून शिकतो. मोबाइलच्या बाबतीत हा धक्का उशिरा, दुसऱ्यालाच आणि न दिसता बसतो. म्हणून त्याचे शिक्षण अधिक अवघड, परंतु रीत मात्र तीच.

आता स्थळाविषयी थोडेसे. आंबेगाव आणि जुन्नर हे दोन तालुके माहितीच्या व्यवहारास अपरिचित आहेत असे कोणी समजू नये. परदेशाशी उपग्रहाद्वारे संपर्क साधणारे देशातील पहिले भूकेंद्र १९७१ साली नारायणगावजवळील आर्वी येथेच सुरू झाले, आणि खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशातील क्षीण लहरी टिपीत उभ्या आहेत. माणसाच्या मोबाइलची लहर त्या दुर्बिणीच्या कामात कसा व्यत्यय आणते, हे विज्ञानदिनाच्या प्रदर्शनात आमच्या शाळांतील मुले पाहून येतात. परंतु ज्या विषयावर या भागातील सर्वांत जास्त संदेश फिरतात तो आकाशातला नसून उसातला आहे. डिंभे धरणाच्या कालव्यांनी पाणी आले, पाण्याने ऊस आला, उसाने बिबट्यास लपण्याची व पिल्ले वाढविण्याची जागा दिली, आणि रात्रीच्या विजेमुळे शेतकऱ्यास नेमक्या त्याच वेळी पाणी धरण्यासाठी शिवारात जावे लागू लागले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुले होती. संतप्त लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. त्याच काळात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली बिबट्यांची चित्रे मोबाइलवरून फिरू लागली, आणि खरे काय व खोटे काय हे सांगताना वनखात्याची तारांबळ उडाली.

या प्रसंगावर रचलेला पाठ संग्रहात आहे, आणि त्याची रीत येथे थोडक्यात सांगावीशी वाटते, कारण तीवरून बाकीच्या पाठांचा स्वभाव कळेल. शिक्षक फळ्यावर एक संदेश लिहितो: ‘सावधान! आपल्या परिसरात चार बिबटे फिरत आहेत, कृपया सर्व ग्रुपवर पाठवा.’ मुलांनी वहीत उत्तरे लिहावयाची. पाहिले कोणी? त्याचे नाव आहे काय? कोणत्या वस्तीवर, कोणत्या वारी, किती वाजता? ‘आपल्या परिसरात’ म्हणजे कोणाच्या परिसरात? सोबतच्या चित्रातील ऊस आपल्याकडच्या लागवडीसारखा आहे की दुसऱ्याच मुलखातला? सावल्या एका दिशेस पडल्या आहेत काय? मग शिक्षक दोन पावलांच्या आकृत्या काढतो. कुत्र्याच्या पावलाच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा उमटतात, बिबट्याच्या उमटत नाहीत, कारण चालताना त्याची नखे आत ओढलेली असतात. ही गोष्ट वर्गातील तीन-चार मुलांना आधीच ठाऊक असते, आणि एरवी शेवटच्या बाकावर गप्प बसणारा मेंढपाळाचा मुलगा त्या दिवशी वर्गास शिकवितो. पूर्वी गावात वादाचा निवाडा करताना महजर होत असे, त्यात कोण समक्ष हजर होते, कोणाची काय साक्ष झाली हे नमूद करून लिहिता न येणारा शेतकरी खाली नांगराची निशाणी करी; निरक्षर माणसाच्या साक्षीसही नाव, गाव आणि खूण असे. ‘आला तसा पाठविला’ या शेऱ्यासह फिरणाऱ्या संदेशास यांपैकी काहीच नसते.

तथापि हा पाठ येथे थांबला असता तर मी त्यास अपुरा म्हटले असते. खोटा संदेश अडविणे हे अर्धे कर्तव्य झाले. खरी बातमी योग्य माणसापर्यंत तातडीने पोहोचविणे हे दुसरे अर्धे, आणि त्याचा उल्लेख या विषयावरील पुस्तकांत अभावानेच आढळतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस माळीण गाव डोंगराखाली गडप झाले, दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या मुसळधार पावसात बाहेरच्या जगास ही वार्ता प्रथम दिली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने, कारण जेथे गाव असावयास हवे होते तेथे त्यास चिखल दिसला. त्याने स्वतः पाहिले होते, आणि ज्यांना सांगावयास हवे त्यांना सांगितले. बिबट्या खरोखर दिसला तर मुलाने तो ‘स्टेटस’ला ठेवावयाचा नसून प्रथम घरच्या मोठ्यांस आणि मग वनरक्षकास कळवावयाचा असतो, खात्यातून पैसे गेले तर लाजेने दोन दिवस दडवून न ठेवता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावयाची असते, आणि कोणी आपले चित्र दाखवून धमकावीत असेल तर १०९८ हा क्रमांक मुलांसाठीच आहे. हे तिन्ही मार्ग मुलांकडून प्रत्यक्ष वदवून, कोणास काय सांगावयाचे याची वाक्ये तयार करून घेण्यावर संग्रहाचा भर आहे.

पश्चिमेचा उल्लेख झाला म्हणून आणखी एक. आंबेगाव हा एकच तालुका असला तरी त्यात दोन मुलूख आहेत. पूर्वेस कालवा, ऊस आणि मोबाइलची भरपूर रेंज. पश्चिमेस भीमाशंकर-आहुपे पट्ट्यात महादेव कोळ्यांच्या वाड्या, हिरड्याचा व्यापार, आणि रेंज मिळविण्यासाठी चढावी लागणारी टेकडी. संपादकांनी पाठ लिहिताना पूर्वेचेच चित्र डोळ्यांपुढे ठेवले आहे असे मला हस्तलिखित वाचताना वारंवार वाटले, आणि तसे मी त्यांस कळविले. त्यानंतर काही पाठांची रूपे बदलली, काहींची बदलली नाहीत. आश्रमशाळेतील मुलास अतिवापराचे दुष्परिणाम शिकविण्याआधी, आपल्या नावाने कोणी परस्पर काही नोंदविले आहे काय हे कसे पाहावे, हे शिकविणे अधिक न्याय्य आहे.

शिक्षकांविषयी लिहावयाचे तर संकोच बाजूस ठेवला पाहिजे. ‘लिंक आली आहे, आजच भरा’ या वाक्याने ज्याचा दिवस सुरू होतो, सरल, यू-डायस आणि अपार या सरकारी नोंदींच्या रकान्यांत ज्याची दुपार जाते, त्या शिक्षकास तंत्रज्ञानाच्या संयत वापराचा पाठ देण्यास सांगणे यात एक विनोद आहे, आणि तो त्यास कळतो. परंतु त्याहून गंभीर गोष्ट छायाचित्रांची आहे. वृक्षारोपण झाले, फोटो. पोषण आहार वाढला, फोटो. पाहुणे आले, फोटो. आणि ते सर्व फोटो, मुलांच्या चेहऱ्यांसह, पुरावा म्हणून केंद्राच्या ग्रुपवर, तेथून तालुक्याच्या, तेथून कोठे, ते कोणास ठाऊक. मुलाचा चेहरा हा त्याच्या हजेरीचा दाखला नव्हे. ज्या वर्गात दररोज विनासंमती चित्रे घेतली जातात, त्या वर्गात संमतीचा पाठ शिकविला तर मुले तो परीक्षेपुरता लिहितील आणि खरा पाठ डोळ्यांनी घेतील. या संग्रहातील जो पाठ मला सर्वांत धीट वाटतो, त्यात मुलांनीच शाळेसाठी छायाचित्रांचे नियम तयार करून मुख्याध्यापकांपुढे अर्जाच्या रूपाने मांडावयाचे आहेत, आणि मुख्याध्यापकांनी त्यावर लेखी उत्तर द्यावयाचे आहे.

ग्रंथाच्या रचनेविषयी फार सांगणे नलगे. पाचवी ते दहावीच्या वर्गांसाठी असलेल्या या पाठांना संगणक-कक्ष लागत नाही. बहुतेकांना फळा, वही आणि घरातील एखादा खरा कागद किंवा संदेश पुरतो. सातबाऱ्याचा उतारा, वीजबिल, बँकेचा संदेश, कर्जाचे आमिष दाखविणारी जाहिरात, परीक्षेपूर्वी ‘फुटलेला पेपर’ म्हणून फिरणारा कागद ही येथील पाठ्यसामग्री आहे. नागरिकशास्त्र आमच्या शाळांत इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटास बांधलेले असते आणि मार्च उजाडला की घाईने उरकले जाते. ती गत या विषयाची होऊ नये म्हणून पाठांस गुण ठेवलेले नाहीत, आणि तो निर्णय मला पसंत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून घेण्याविषयीचे प्रकरण मात्र मला त्रोटक वाटले. हा प्रश्न केवळ नकलेचा नाही, आणि दोन-तीन वर्षांतच संपादकांस त्यावर नव्याने लिहावे लागेल.

एका मुद्द्यावर संपादकमंडळात एकमत झाले नाही, आणि त्यांनी ते दडविलेही नाही. घरच्या कामासाठी आई-वडिलांच्या खात्याचा पिन मुलाने जाणावा काय? काहींच्या मते तो कधीच जाणू नये. आकडे वडिलांनीच, चुकतमाकत का होईना, स्वतः दाबावेत, आणि मुलाने केवळ शेजारी बसून वाचून दाखवावे. इतरांचे म्हणणे असे, की ज्या आजीस अंकांची ओळख नाही तिला हा नियम सांगणे म्हणजे तिला दुकानदाराच्या हवाली करणे होय; त्यापेक्षा मुलाने जाणावा, परंतु प्रत्येक व्यवहाराची तारीख आणि रक्कम एका वहीत लिहून घरातील दोघांच्या समक्ष वाचावी. दोन्ही मते ग्रंथात शेजारी-शेजारी छापली आहेत. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, आणि तशा वहीचा नमुना परिशिष्टात दिला आहे. त्यात अखेरचा रकाना सहीचा असून, सही येत नसेल त्याने तेथे आपली निशाणी करावी अशी सूचना आहे.

निरगुडसर, ता. आंबेगाव, जि. पुणे